शब्द हरवले आणि बियाणे गेले

मृग नक्षत्राला दोन दिवस उरले असताना गेवराईच्या बाजारपेठेतील एका कृषी सेवा केंद्रासमोर प्रस्तुत लेखक उभा होता. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. साठीच्या पुढचा एक शेतकरी, डोक्याला टापर बांधलेला, कपाशीच्या दोन बॅगा हातात धरून दुकानदाराला विचारत होता, "शेठ, ज्वारीचं बी मी घरचं पेरतो, तुरीचं घरचं पेरतो. मग सरकी घरची का पेरता येत नाही?"

दुकानदार म्हणाला, "सरकारची बंदी आहे, दादा." शेजारी उभा असलेला कंपनीचा प्रतिनिधी म्हणाला, "ते बी दुसऱ्या वर्षी वांझ होतं, काका." आणि मागे रांगेत उभा असलेला महाविद्यालयीन तरुण मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाला, "त्यात किड्याचा जीन घातलेला असतो ना, म्हणून!"

एका प्रश्नाला तीन उत्तरे मिळाली आणि तिन्ही चुकीची होती. शेतकऱ्याने मान हलवली, पैसे मोजले आणि तो निघून गेला. गेली वीस-बावीस वर्षे बीड जिल्ह्यातील शेतकरी असाच मान हलवून पैसे मोजत आला आहे. ज्या वस्तूवर आपले वर्ष अवलंबून आहे, ती वस्तू नेमकी काय आहे हे त्याला कोणी सांगितले नाही. आणि ज्यांनी सांगायचे, त्या आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या मंडळींनाही ते ठाऊक नाही, ही अधिक लाजिरवाणी गोष्ट आहे. मी कला शाखेचा पदवीधर. वाण, संकर, जनुक या तीन शब्दांतील भेद समजून घ्यायला मला वयाची पन्नाशी उलटावी लागली. तो समजल्यावर मात्र एक गोष्ट स्पष्ट झाली. आपल्या शेतकऱ्याचे बियाणे हातातून गेले ते नंतर. त्या आधी बियाण्याविषयीचे शब्द गेले.

आजीची 'निवड' आणि विद्यापीठाची 'निवड'

पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या भागात रब्बीची ज्वारी काढणीला आली की घरातील जाणती स्त्री शिवारात जाऊन भरदार, निरोगी, टपोऱ्या दाण्यांची कणसे वेगळी काढत असे. ती कणसे मळणीत जात नसत. ती राखेत किंवा कडुनिंबाच्या पाल्यात घालून पुढच्या पेरणीसाठी जपली जात. शास्त्रीय भाषेत याला 'समूह निवड' म्हणतात. आपल्या आजीला हा शब्द ठाऊक नव्हता, पण क्रिया तीच होती. 'कृषिपराशर' या संस्कृत ग्रंथात बियाणे केव्हा गोळा करावे, कसे वाळवावे याचा विचार आहे आणि एकसारख्या, निर्भेळ बियाण्याचा आग्रह आहे. तोही याच परंपरेतला.

मराठवाडा आणि सोलापूरच्या ताटातील मालदांडी ज्वारी ही याच क्रियेची पुढची पायरी होय. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवड करून 'मालदांडी ३५-१' हा वाण सिद्ध झाला. जवळजवळ नव्वद वर्षे झाली, तरी त्याची भाकरी आपण खातो. असे का घडले? कारण तो 'सरळ वाण' आहे. सरळ वाणाच्या झाडाचे बी पेरले की पुन्हा तसेच झाड येते. आईबापाचे गुण लेकरात आणि लेकराचे नातवंडात जसेच्या तसे उतरतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाने दिलेली 'परभणी मोती' ज्वारी, बदनापूरच्या केंद्राची 'बीडीएन ७११' तूर, सोयाबीनचे 'एमएयूएस' मालिकेतील वाण, हे सारे सरळ वाण आहेत. एकदा चांगले बी आणले आणि भेसळ होऊ दिली नाही, तर काही वर्षे दुकानाची पायरी चढण्याचे कारण नाही.

सोयाबीनचा परागकण तर बहुधा त्याच फुलात पडतो. याला 'स्वपरागीभवन' म्हणतात. म्हणूनच सोयाबीनचे प्रमाणित बी एकदा आणून तीन वर्षे घरचे वापरा, असा सल्ला कृषी खाते देते. तरीही २०२०च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवले नाही म्हणून हजारो तक्रारी झाल्या आणि प्रश्न उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला. ज्या पिकाचे बी घरी राखणे सर्वांत सोपे, त्या पिकाच्या बियाण्यासाठी शेतकऱ्याने दुकानासमोर रांग लावावी आणि तेथे फसावे, यासारखे दैन्य ते कोणते?

संकर: स्वदेशी शोध, पण कुलूपबंद

आता दुसरा शब्द, संकर. दोन वेगवेगळ्या, पण स्वतःपुरत्या शुद्ध अशा वाणांचे मीलन घडवले की पहिल्या पिढीत कधीकधी दोन्ही आईबापांहून सरस झाड निपजते. अधिक उंच, अधिक जोमदार, अधिक फळणारे. याला 'संकर-ओज' म्हणतात. ही परदेशातून आलेली जादू आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्याने सुरतेकडे पाहावे. व्यापारी तत्त्वावर पेरला गेलेला जगातील पहिला संकरित कापूस, 'एच-४', डॉ. सी. टी. पटेल यांनी सुरतच्या संशोधन केंद्रात १९७० साली दिला. आपल्या नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा 'एनएचएच ४४' हा संकर १९८०च्या दशकात आला आणि कोरडवाहू शिवारात वर्षानुवर्षे राज्य करीत राहिला. बीडच्या जुन्या शेतकऱ्यांना 'चव्वेचाळीस नंबर' अजून आठवतो.

मग संकरित कपाशीची सरकी घरी का राखता येत नाही? याचे उत्तर ग्रेगोर मेंडेल या ऑस्ट्रियाई साम्राज्यातील धर्मोपदेशकाने १८६५ साली वाटाण्याच्या झाडांवरून दिले होते. १९०० सालापर्यंत कोणी ते फारसे मनावर घेतले नाही, हा भाग निराळा. प्रत्येक गुणाची सूत्रे झाडात जोडीने असतात. एक आईकडून येते, एक बापाकडून. मेंडेलने ज्यांना 'घटक' म्हटले, त्यांनाच आज आपण 'जनुक' म्हणतो. संकराच्या पहिल्या पिढीत प्रत्येक झाडाला एक सूत्र या बाजूचे आणि एक त्या बाजूचे मिळते, म्हणून सारे शिवार एकसारखे दिसते. पण त्या झाडांचे बी पेरले की जोड्या फुटतात आणि पत्त्यांचा डाव नव्याने पिसला जातो. कोणाला दोन्ही सूत्रे आईची, कोणाला दोन्ही बापाची, कोणाला मिश्र. एक झाड उंच, दुसरे खुजे. एकाची बोंडे मोठी, दुसऱ्याची लहान. याला 'विभाजन' म्हणतात. बी उगवते, झाड वाढते, बोंडेही लागतात. मात्र एकसारखेपणा जातो आणि जोम उतरतो.

म्हणजे कंपनीच्या प्रतिनिधीने सांगितलेला 'वांझ' हा शब्द साफ खोटा ठरतो. त्याचा घोटाळा कोठून झाला असावा, याचा अंदाज करता येतो. ज्वारी-बाजरीचे संकरित बी तयार करताना परागकण न देणारी, म्हणजे 'नरवंध्य' मातृवाण वापरतात. तो बीजोत्पादकाच्या शेतातील विषय आहे. शेतकऱ्याच्या पिशवीतील बी वांझ नसते. दुसरे कारण, पुढच्या पिढीचे बी उगवूच नये अशी युक्ती करणाऱ्या तंत्राला अमेरिकेत १९९८ साली पेटंट मिळाले आणि 'टर्मिनेटर' या नावाने जगभर गहजब झाला. ते तंत्र बाजारात कधी आलेच नाही आणि आपल्या कायद्याने अशा वाणाची नोंदणीच नाकारली आहे. पण अफवा मात्र वीस वर्षे दुकानात टिकून आहे. ती टिकण्यात कोणाचा लाभ आहे, हे सुज्ञ वाचकांनी ओळखावे.

एका पिशवीत दोन वस्तू

तिसरा शब्द 'जनुकीय परावर्तन'. मातीत राहणाऱ्या 'बॅसिलस थुरिन्जिएन्सिस' नावाच्या जिवाणूत एक प्रथिन तयार होते. ते बोंडअळीच्या पोटात गेले की अळी मरते. ते प्रथिन घडवणारे जनुक प्रयोगशाळेत कपाशीच्या झाडात बसवले, तेच हे 'बीटी'. म्हणजे 'किड्याचा जीन' म्हणणाऱ्या तरुणाचेही चुकलेच. जनुक जिवाणूचे आहे, मरतो तो किडा. हे जनुक प्रथम अमेरिकेतील 'कोकर ३१२' या वाणात घातले गेले आणि नंतर वारंवार संकर करून भारतीय कपाशीच्या वाणांत उतरवले गेले.

भारतात हे तंत्र आले ते आपल्या शेजारच्या जालन्यातून. जालन्याच्या महिको कंपनीने अमेरिकेच्या मोन्सँटोशी भागीदारी केली आणि २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या समितीने तीन बीटी संकरांना परवानगी दिली. २००६ साली दोन जनुकांचे 'बोलगार्ड-२' आले.

इथेच खरी मेख आहे. बीटी जनुक हा केवळ एक गुण आहे. तो सरळ वाणातही बसवता येतो आणि संकरातही. अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया या देशांत बीटी कापूस प्रामुख्याने सरळ वाणाच्या रूपात लावला जातो. आपल्याकडे मात्र तो जवळपास संपूर्णपणे संकराच्या पिशवीतून दिला गेला. शेतकऱ्याला वाटले, 'बीटी' म्हणजेच 'दरवर्षी विकत घ्यायचे बी'. प्रत्यक्षात बी राखता येत नाही ते बीटीमुळे नव्हे, संकरामुळे! एका पिशवीत दोन वस्तू होत्या आणि नाव एकच छापले होते.

असे का केले गेले? अमेरिकेत बी राखणाऱ्या शेतकऱ्याला करारनाम्याने आणि पेटंटने बांधता येते. भारतात तसे करणे शक्य नव्हते. पहिल्या बीटी जनुकावर तर भारतात पेटंटही नव्हते. जेथे कायद्याचे कुलूप लावता येत नव्हते, तेथे निसर्गाचे कुलूप लावले गेले. संकर हेच ते कुलूप. त्याची किल्ली, म्हणजे मातृवाण आणि पितृवाण, कंपनीच्या तिजोरीत राहिली. सुरुवातीच्या वर्षांत ४५० ग्रॅमच्या एका पिशवीला सोळाशे रुपयांहून अधिक मोजावे लागत. २००६ साली आंध्र प्रदेश सरकारने या किमतीविरुद्ध लढा दिला, तेव्हा ती साडेसातशेवर आली. महाराष्ट्राने २००९ साली स्वतंत्र कायदा केला आणि पुढे केंद्राने किंमत ठरवण्याचा अधिकार आपल्या हाती घेतला. २०२५च्या हंगामात ही किंमत ९०१ रुपये होती. प्रश्न केवळ नऊशे रुपयांचा नाही. प्रश्न असा, की पेरावे काय, किती दिवसांचे आणि किती अंतरावर, हे शिवाराने ठरवायचे की पिशवीने?

बीडच्या हलक्या, उथळ जमिनीत आणि बेभरवशाच्या पावसात ताटव्यासारखी दाट लावलेली, लवकर निघणारी, बुटकी कपाशी अधिक शोभते. पण दाट लागवडीला बी भरपूर लागते आणि ते स्वस्त असावे लागते. म्हणजे ते सरळ वाणाचेच हवे. महाग संकर आला की शेतकरी एकेक सरकी मोजून लांब अंतरावर टोकतो, झाड पसरते, हंगाम लांबतो. दिवाळीनंतर पाऊस नसतो आणि बोंडे अजून भरायची असतात. मग थोडे पाणी असलेला शेतकरी तीच कपाशी उन्हाळ्यापर्यंत ठेवतो, 'फरदड' घेतो. आणि येथे गुलाबी बोंडअळीची पंगत बसते.

अळीने विज्ञान शिकले, आम्ही नाही

गुजरातमधील गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देत नाही, हे २०१० साली खुद्द मोन्सँटोनेच जाहीर केले. पुढे बोलगार्ड-२ही निष्प्रभ ठरले आणि २०१७च्या खरिपात मराठवाडा-विदर्भातील कपाशीची वाताहत झाली. बीडच्या शेतकऱ्याने उभ्या पिकात जनावरे सोडली, नांगर घातला. तेव्हा सगळ्यांनी एकच शब्द वापरला, 'बोगस बियाणे'. काही बियाणे बोगस होतेही. पण मुख्य कारण 'प्रतिकारक्षमता' हे होते. लाखो अळ्यांत एखादी अशी असते, की जिला ते विष बाधत नाही. बाकीच्या मरतात, ती उरते. तिचीच प्रजा वाढते. ही निवडच आहे, फक्त ती आजीने केलेली नाही, आपण अजाणतेपणी केलेली आहे.

हे टाळण्यासाठी प्रत्येक पिशवीसोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची छोटी पुडी दिली जात असे. कडेने साधी कपाशी लावायची, तेथे साध्या अळ्या जगतील, प्रतिकारक अळीशी त्यांचा संयोग होईल आणि तिची ताकद पातळ होईल, असा तो 'आश्रय पिका'चा विचार होता. बहुसंख्य शेतकऱ्यांनी ती पुडी बांधावर फेकली. त्यांना दोष कसा द्यावा? "हे कशासाठी?" याचे उत्तर त्यांच्या भाषेत कोणी दिलेच नव्हते. अखेर ही पुडी बंद करून ४७५ ग्रॅमच्या पिशवीतच बिगर-बीटी बी मिसळण्याची पद्धत आली.

आणखी एक मुद्दा. संकराच्या झाडात बीटी जनुकाच्या जोडीतले एकच सूत्र असते. म्हणून मेंडेलच्या हिशेबाने त्याच्या बोंडातील सरकीपैकी सुमारे एक चतुर्थांश सरकी त्या जनुकाविना असते. गुलाबी अळी नेमकी सरकीच खाते. काही दाण्यांत विष, काही दाण्यांत नाही, अशा मिश्र ताटावर अळीला सवय लागते, असे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. केशव क्रांती यांच्यासारख्या जाणकारांनी मांडले. चीनमध्ये मात्र संकराच्या दुसऱ्या पिढीतील मिश्रणाचा उलट लाभ झाल्याचे अभ्यास आहेत. शास्त्रज्ञांत मतभेद आहेत; असू द्यावेत. परंतु भारतात बीटी संकरातच का, हा प्रश्न २००२ साली विधिमंडळात, ग्रामसभेत, निदान कृषी मेळाव्यात तरी विचारला गेला का? नाही. कारण विचारायला शब्दच नव्हते.

कायदा बाजूने, माहिती विरुद्ध

आता दुकानदाराच्या उत्तराकडे वळू. "सरकारची बंदी आहे." वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. संसदेने २००१ साली केलेल्या 'वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क' कायद्याच्या कलम ३९ने शेतकऱ्याला आपल्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवाणघेवाणीचा, इतकेच नव्हे तर विकण्याचाही हक्क दिला आहे. तो वाण एखाद्या कंपनीच्या नावे संरक्षित असला तरीही. अट एकच: कंपनीच्या छापाच्या नावाने, पाकीटबंद करून विकता येणार नाही. बियाण्याच्या बाबतीत शेतकऱ्याला इतका स्पष्ट हक्क देणारे कायदे जगात फार नाहीत. २०१९ साली गुजरातमधील बटाटा उत्पादकांवर एका बहुराष्ट्रीय कंपनीने आपला संरक्षित वाण लावल्याबद्दल दावे ठोकले, तेव्हा याच हक्काचा आवाज उठला आणि दावे मागे घ्यावे लागले. गुजरातच्या शेतकऱ्यांना कलम ठाऊक होते. बीडच्या किती शेतकऱ्यांना ठाऊक आहे? आणि वाचकहो, आपल्यापैकी किती जणांना?

दोन टोके, एकच आळस

या विषयावर आपल्याकडे दोन पक्ष पडले आहेत. पहिल्या पक्षाला प्रत्येक शंका ही अंधश्रद्धा वाटते. प्रश्न विचारला की "तुम्हाला देश मागे न्यायचा आहे का?" हा त्यांचा ठरलेला प्रतिप्रश्न. विज्ञानावर विश्वास म्हणजे विक्रेत्यावर विश्वास नव्हे, हे त्यांना कोणी सांगावे? बीटी जनुकाने आरंभीची काही वर्षे फवारण्या वाचवल्या, हे मान्य. पण ते जनुक उत्पादन वाढवत नाही, केवळ बोंडअळीचे नुकसान रोखते. मावा-तुडतुड्यांना तर ते शिवतही नाही. ही मर्यादा पिशवीवर मोठ्या अक्षरात का छापली गेली नाही?

दुसरा पक्ष आपल्या जवळचा आहे, म्हणून त्याला अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. या पक्षाला 'जनुक' हा शब्दच विषारी वाटतो. परदेशी ते सारे त्याज्य, देशी ते सारे अमृत, एवढ्यावर त्याचे स्वदेशी थांबते. अशा मंडळींनी आपल्या धारूरचे, अंबाजोगाईचे सीताफळ हाती घेऊन विचार करावा. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले बीडचे सीताफळ हे आपल्या बालाघाटाचे भूषण आहे. नावात सीतामाई आहे. पण वनस्पतिशास्त्राच्या मते हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. ज्वारी आफ्रिकेतून आली, सोयाबीन चीनमधून, मिरची अमेरिकेतून. मग ती परकी का? नाहीत. बालाघाटाच्या खडकाळ उतारावर पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी गोड फळाचे झाड राखले, आंबट तोडले. अंबाजोगाईच्या संशोधन केंद्राने त्यातून 'धारूर-६' निवडले. शेतकऱ्यांनी कलमे बांधली. ज्याच्यावर आपण निवडीची मेहनत घेतली, ते आपले. स्वदेशी म्हणजे मूळ गाव नव्हे. ज्याची किल्ली आपल्या हाती, ते स्वदेशी.

विज्ञानाला विचारसरणीच्या दावणीला बांधले की काय होते, हे सोव्हिएत रशियाने जगाला दाखवले. निकोलाय वाविलोव हा जगभर हिंडून पिकांच्या वाणांचा अमोल संग्रह करणारा शास्त्रज्ञ १९४०मध्ये अटकेत गेला आणि १९४३ साली तुरुंगात मरण पावला. लिसेंको नावाच्या पोथीनिष्ठाने मेंडेलचे शास्त्र 'भांडवली' ठरवले आणि १९४८ साली तेथे अनुवंशशास्त्राच्या अध्यापनावरच बंदी आली. साम्यवाद्यांच्या या मूर्खपणावर आपण हसतो. पण 'जनुक' या शब्दाला नाक मुरडताना आपणही त्याच वाटेने पाऊल टाकत नाही ना, हे तपासून पाहावे.

आपलेही चुकले

आपल्या संशोधन संस्थांनीही मान खाली घालावी असा प्रसंग या देशात घडला. 'बिकानेरी नरमा' या सरळ वाणात बीटी जनुक बसवून, घरी राखता येईल असे स्वस्त बियाणे देण्याचा प्रयत्न सरकारी संस्थांनी केला. २००८ साली परवानगी मिळाली, २००९ साली बी शेतकऱ्यांना मिळाले. आणि पुढे आढळले, की त्यात जे जनुक आपले म्हणून सांगितले होते त्याऐवजी मोन्सँटोचेच जनुक शिरलेले आहे. बियाणे मागे घ्यावे लागले. त्या लाजिरवाण्या गोंधळात सरळ वाणातील बीटी हा मूळचा योग्य विचारही अनेक वर्षे अडगळीत गेला.

सुदैवाने तो विचार मेला नाही. नागपूरच्या संस्थेने सरळ बीटी वाण दिले. आपल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नांदेड केंद्राने 'एनएच १९०१ बीटी', 'एनएच १९०२ बीटी' आणि 'एनएच १९०४ बीटी' हे तीन सरळ वाण सिद्ध केले आहेत. गुलाबी अळीवर ते रामबाण नाहीत, कारण जनुक जुनेच आहे. परंतु त्यांची सरकी घरी राखता येते, दाट लावता येते, लवकर काढता येते. परभणीच्या 'पीए' मालिकेतील लांब धाग्याचे देशी वाणही आहेत. देशी कपाशीत गुणसूत्रे २६, अमेरिकन कपाशीत ५२. त्यामुळे दोहोंचा संकर सहजासहजी जमत नाही आणि देशी कपाशीचा काटकपणा तिच्याच घरात टिकून राहिला आहे. हे सारे आपल्या दाराशी असताना बीडच्या दुकानात ते मागायला कोणी जात नाही. का जावे? त्याचे नाव, त्याचा अर्थ कोणाला सांगितला आहे?

दरम्यान, काळ पुढे सरकतो आहे. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने 'जनुक-संपादित' भाताचे दोन वाण जाहीर केले. यात परके जनुक घातलेले नसते. झाडाच्या स्वतःच्याच जनुकात नेमका बदल केलेला असतो. म्हणून २०२२ साली अशा वाणांना जीएम पिकांच्या कडक नियमांतून सूट मिळाली. हे वाण सरकारी संस्थांचे आहेत, ही समाधानाची बाब. पण त्या तंत्राच्या किल्ल्या कोणाकडे आहेत? पेटंट कोणाचे? बी राखता येईल का? हे प्रश्न आजच विचारायला हवेत. बीटीच्या वेळी आम्ही झोपलो होतो. आता 'संपादन' आणि 'परावर्तन' यांतील फरक न कळल्यामुळे पुन्हा झोपणार आहोत काय?

काय करावे?

शासनाकडे मागणी दोनच. बियाण्याच्या प्रत्येक पिशवीवर ठळक मराठीत छापा: हा सरळ वाण आहे की संकर; बी घरी राखता येते की नाही; त्यात कोणते जनुक आहे आणि ते कोणत्या किडीवर चालत नाही. आणि नांदेड-परभणीच्या सरळ वाणांचे बीजोत्पादन अकोल्याच्या महाबीजने बीड जिल्ह्यातील शेतकरी गटांकडून करून घ्यावे.

बाकीचे काम शासनाचे नाही, आपले आहे. आपल्या कार्यकर्त्यांपैकी शिक्षक आहेत, कृषी पदवीधर आहेत, गावोगावी फिरणारे आहेत. मृगाआधी गावातील पारावर एक संध्याकाळ द्या. चार रंगांच्या चिठ्ठ्या दाखवा: पैदासकार बियाण्याची पिवळी, पायाभूतची पांढरी, प्रमाणितची निळी आणि कंपनीने स्वतःच ग्वाही दिलेल्या सत्यतादर्शक बियाण्याची हिरवी. ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे शंभर दाणे गुंडाळून ठेवा आणि सत्तर उगवले तर बी पेरण्याजोगे, हे लोकांच्या डोळ्यांसमोर करून दाखवा. पिशवी आपटू नका, थप्पी उंच लावू नका, सोयाबीनची साल नाजूक असते, एवढे तरी सांगा. पिशवी व पावती हंगाम संपेपर्यंत सांभाळायला लावा. तक्रार तिच्यावरच उभी राहते. आणि कलम ३९ भिंतीवर लिहा.

शहरातील वाचकांनी हा शेतकऱ्याचा विषय म्हणून पान उलटू नये. आपली मुले शाळेत मेंडेलचे तीनास एक हे गुणोत्तर पाठ करून गुण मिळवतात आणि विसरतात. ते गुणोत्तर गेवराईच्या बोंडात कसे उतरते, हे त्यांना एकदा गावी नेऊन दाखवा.

त्या दिवशी दुकानातून बाहेर पडलेल्या त्या शेतकऱ्याला मी बसथांब्यावर गाठले. संकर म्हणजे काय आणि सरळ वाण म्हणजे काय, हे जमेल तसे सांगितले. तो शांतपणे ऐकत राहिला. मग बॅगेकडे पाहत म्हणाला, "म्हणजे दोष सरकीचा नव्हता. आम्हीच चुकीचं विचारत होतो. घरची सरकी का पेरता येत नाही, हे नव्हतं विचारायचं. घरी पेरता येईल अशी सरकी दुकानात का ठेवत नाही, हे विचारायला पाहिजे होतं."

पुढच्या मृगाला बीड जिल्ह्यातील प्रत्येक दुकानात हाच प्रश्न विचारला गेला पाहिजे.